मी शहरातच का राहिलो

शहर आपल्याला आवडतं, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी कोल्हापुरातल्या एका दवाखान्याच्या पायरीवर बसलो होतो आणि माझ्या सदऱ्यावर भावाचं रक्त वाळून कडक झालं होतं. आत भावाचा पाय कापत होते. बाहेर रस्त्यावरचे दिवे लागले होते, सायकलींच्या घंट्या वाजत होत्या, आणि मी, एकोणीस वर्षांचा बाप्या, तोंड उघडं टाकून त्या दिव्यांकडे बघत होतो. या गोष्टीची लाज मला पुढे बरीच वर्षं वाटत राहिली.

आमची वाडी मालवणच्या दक्षिणेला, खाडी आणि समुद्र यांच्या मधल्या वाळूच्या पट्टीवर. पन्नासच्या दशकात तिथे रस्ता नव्हता. मालवणात जायचं तर वाळू तुडवत, नाहीतर होडीने. वडील मी लहान असतानाच तापाने गेले होते. घरात आई, थोरला भाऊ, वहिनी आणि मी. वाडीतली सगळी घरं रापणीवर जगायची. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबच लांब जाळं. होडीतून ते समुद्रात अर्धगोल सोडायचं आणि दोन्ही टोकांना वीस-वीस माणसांनी दोर धरून वाळूवर खेचायचं. आमच्या वाडीची एक रापण आणि शेजारच्या वाडीची एक. किनारा एकच, म्हणून एक दिवस त्यांचा, एक दिवस आमचा अशी पाळी वाडवडिलांपासून ठरलेली.

त्या वर्षी नारळी पौर्णिमेनंतर कितीतरी दिवस जाळी रिकामी येत होती. मग एक दिवस वारा असा सुटला की कोणीच जाळं टाकलं नाही. तो दिवस त्यांच्या पाळीचा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी समुद्र निवळला आणि बांगड्यांनी किनाऱ्याजवळचं पाणी काळं झालं. ते म्हणाले, काल आमची पाळी वाऱ्याने खाल्ली, आज आमचा दिवस. आम्ही म्हणालो, गेली ती गेली, आज आमचा. दोन्ही होड्या एकदमच पाण्यात गेल्या.

पुढचं सगळं पाऊण तासात झालं. आधी शिव्या, मग वाळू, मग वल्ही. मी सुद्धा वल्हं उचललं. माझ्यासमोर जो आला तो एक म्हातारा होता. लहानपणी त्याने मला खांद्यावर बसवून जत्रेला नेलं होतं. मी त्याच्या तोंडावर वल्हं मारलं. त्याचे दात वाळूत पडले आणि तो ते शोधायला खाली वाकला. त्याला वाकलेला बघूनही माझा हात थांबला नाही. मी त्याच्या पाठीत दुसरा तडाखा घातला. माणसाला मारताना इतकं हलकं वाटतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

माझा भाऊ गुडघाभर पाण्यात आमच्या जाळ्याचा दोर धरून उभा होता. त्यांच्या तांडेलाचा, म्हणजे होडीच्या म्होरक्याचा, धाकटा भाऊ सुरी घेऊन पाण्यात शिरला आणि त्याने आमचा दोर कापला. तो आणि माझा भाऊ एका वयाचे. दोघं एकाच माडावर चढायला शिकले होते. भावाने त्याची मान पकडली आणि त्याचं डोकं पाण्याखाली दाबलं. पाण्यातून बुडबुडे येत होते. मग एकदम भाऊच ओरडला आणि बाजूला कोसळला. लाट मागे गेली तेव्हा पाणी तांबडं होतं. त्याच्या मांडीतून रक्त पिचकारीसारखं उडत होतं.

रक्त बघून दोन्हीकडची माणसं थांबली. ज्याने सुरी मारली होती तो वाळूवर ओणवा होऊन पाणी ओकत होता. आमच्यातल्या दोघांनी त्याला तिथेच लाथा घातल्या. तोवर वहिनी धावत आली. तिने कापलेल्या दोराचाच तुकडा उचलला, भावाच्या मांडीला फास घातला आणि काठी अडकवून पिळला. रक्त थांबलं.

त्याला घराच्या दाराच्या फळीवर घालून आम्ही सहा जणांनी वाळूतून मालवणात नेलं. वाळूत पाय रुततो, चार पावलं गेलं की खांदा बदलावा लागतो. भाऊ शुद्धीवर होता. "फास सैल कर रे, पाय जळता," असं तो मला सारखं म्हणत होता. मी सैल केला नाही. मालवणातल्या डॉक्टरांनी बघितलं आणि म्हणाले, आतली मोठी शीर तुटली आहे, माझ्याकडे हे होणार नाही, याला कोल्हापूरला न्या. एसटी निघून गेली होती. शेवटी सुक्या मासळीचा एक ट्रक फोंडा घाटाने कोल्हापूरला जायचा होता, त्याच्या ड्रायव्हरने आम्हाला घेतलं. भाऊ टोपल्यांवर आडवा आणि त्याचं डोकं माझ्या मांडीवर. कणकवलीपर्यंत तो ओरडत होता. घाटात प्रत्येक वळणाला पाय आपटायचा, आणि ड्रायव्हर मागे वळून म्हणायचा, "रस्ताच असा हाय पोरा, मी काय करू?" घाट संपला तेव्हा भावाचं ओरडणं थांबलं होतं आणि पाय गार पडला होता.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी विचारलं, "मार कधी लागला?"

मी म्हणालो, "सकाळी. उन्हं वर यायच्या आधी."

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "फास सोडला असता तर माणूस गेला असता. बांधून ठेवलात म्हणून पाय गेला. हेच इथल्या गल्लीत झालं असतं, तर माणूसही राहिला असता आणि पायही." ते रागावून बोलले नाहीत. तहसीलदार कचेरीत कारकून नकाशावर बोट ठेवून हद्द दाखवतो, तसं त्यांनी मला ते सांगितलं. पायरीवर बसून मी तेच वाक्य घोळवत होतो. भावाचा पाय सुरीने गेला असं सगळे म्हणणार होते. मला आता माहीत होतं की अर्धा पाय वाळूने खाल्ला आणि अर्धा घाटाने.

आम्ही तिथे तीन आठवडे होतो. भाऊ भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. मी दिवसा बाहेर पडायचो. नळाची तोटी फिरवली की पाणी, हे मी पहिल्या दिवशी चार वेळा करून बघितलं. एसटी स्टँडवर जाऊन मी फळ्यावरची गावं वाचायचो: सांगली, बेळगाव, पुणे, सोलापूर, रत्नागिरी. एका जागी उभं राहून माणूस कुठेही जाऊ शकतो, या गोष्टीने माझं डोकं गरगरायचं. दवाखान्याच्या मागे ट्रक दुरुस्तीचा एक कारखाना होता. मी दारात उभा राहून लेथ फिरताना बघायचो. तिथल्या मिस्त्रीने एक दिवस हाक मारली, "काय रं, रोज येऊन काय बघतुयास? कुठलं गाव?"

"मालवण."

"मासं मारणारा काय? हातात जोर असंल मग. ये, ह्यो पाना धर."

मी पाना धरला. कुठल्या वाडीचा, कोणाचा कोण, कोणाशी तुमचं वैर, हे त्याने विचारलंच नाही.

मारामारी तिथेही बघितली. स्टँडबाहेर दोन हमालांची जुंपली आणि एकाने दुसऱ्याच्या दंडात पोती उचलायचा आकडा घुसवला. मांस लोंबू लागलं. पाच मिनिटांत सायकलवरून पोलीस आला, जखमी माणसाला टांग्यात घातलं, आणि टांगा आमच्याच दवाखान्यात आला. तिसऱ्या दिवशी तो माणूस हात गळ्यात बांधून बाहेर विडी ओढत होता. मी मुद्दाम स्टँडवर जाऊन चौकशी केली. त्या भांडणाचं कोणालाच काही आठवत नव्हतं. माझ्या मनात आलं, इथे भांडणाला वारस नाही.

आम्ही परत आलो. भाऊ कुबड्यांवर. कुबडी वाळूत रुतायची आणि तो पडायचा. कोर्टात केस उभी राहिली, पण कोणीच काही पाहिलेलं नव्हतं. त्यांच्याकडच्यांनी आमच्या दोरावर सुरी पाहिली नव्हती, आमच्याकडच्यांनी त्या म्हाताऱ्याचे दात पाहिले नव्हते. सुरी मारणारा सुटला आणि दुसऱ्या दिवशी रापणीवर उभा राहिला.

माझी आई फार बोलणारी बाई नव्हती. पण त्या दिवशी मी जेवायला बसलो आणि तिने माझ्यासमोरचं ताट ओढून घेतलं. "एका झिलाचो पाय गेलो, नि दुसरो झील भात गिळता!" असं म्हणून ती चुलीपाशी जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. वाडीतल्या बायका विहिरीवर माझ्याकडे बघून पदर तोंडाला लावायच्या. असे पंधरा दिवस गेले.

मी एक फुटकं वल्हं शोधलं आणि त्याचा दांडा कमरेएवढा तोडून घेतला. सकाळची वेळ होती. सुरी मारणारा त्यांच्या होडीच्या सावलीला एकटाच जाळं शिवत बसला होता. मी मागून गेलो. त्याला पावलं ऐकू आली, त्याने वळून बघितलं आणि हात वर केला. पहिला घाव त्या हातावर बसला. कोपराचं हाड मोडल्याचा आवाज मला आला. सुकी झावळ मोडावी तसा. तो खाली पडला. मी दुसरा मारला, तिसरा मारला. तो ओरडत नव्हता, फक्त डोकं झाकायचा प्रयत्न करत होता. मग कुठून तरी त्याची बायको आली आणि त्याच्या अंगावर पडली. माझा दांडा वर गेलेला होता. मला तो थांबवता आला असता. मी अनेकदा स्वतःला सांगितलं की थांबवता आला नसता, पण ते खोटं आहे. घाव तिच्या हातावर बसला. तिची बोटं त्याच्या डोक्याच्या आणि माझ्या दांड्याच्या मध्ये होती.

ती उठून बसली. उजव्या हाताची बोटं वेडीवाकडी झालेली, आणि ती त्यांच्याकडे बघतही नव्हती. माझ्याकडे बघून तिने विचारलं, "झाला तुजा? आता जा."

मी गेलो.

घरी आईने मला आंघोळीला पाणी काढून दिलं. बांगड्याचं तिखलं केलं. जवळ बसून वाढलं. वाडीतले बापये आले, माझ्या पाठीवर थापा मारून गेले. मी मागच्या दारी जाऊन ओकलो, आणि आई म्हणाली, "ऊन लागला असतला."

चार दिवसांनी भर दुपारी, बायका बाजाराला गेल्या असताना, आमची रापण पेटली. सुकत घातलेलं जाळं होतं. धूर दिसला तेव्हा आम्ही धावलो, पण सुताला एकदा आग लागली की काय विझवणार? वीस घरांचं अन्न जळत होतं आणि पलीकडची माणसं त्यांच्या हद्दीत कोयते घेऊन उभी होती. आमचेही कोयते आणायला घराकडे पळाले. मीही पळालो. दारात भाऊ उभा होता. त्याने कुबडी माझ्या पायात घातली आणि मी तोंडावर आपटलो. तो माझ्या पाठीवर बसला. एका पायाचा माणूस, पण हात रापण ओढणारे. त्याने माझं तोंड मातीत दाबून धरलं.

"आयक," तो म्हणाला. "मी तेका बुडयत होतंय. माज्या हातान तो मरतलो होतो. सुरी मारली म्हणान वाचलो. ह्या मी कोणाक सांगूक नाय. तुका सांगतंय."

मी धडपडलो. त्याने माझे केस धरून डोकं आपटलं.

"तू जा हयसून. थंय कोल्हापुरात तुका मी बगलंय. मी भिंतीकडे तोंड करून पडलंय तरी माका कळा होता. तू हसत येय. जा थंय. हय रवलंस तर कोणाक तरी मारशीत, नायतर मरशीत."

बाहेर त्या दिवशी तिघांना कोयते लागले. त्यांपैकी एक, आमच्या बाजूचा, दुसऱ्या दिवशी गेला. मी घरात मातीत पडलेला होतो, आणि माझ्यावर भाऊ बसलेला होता, म्हणून मी आज हे लिहितो आहे.

मी कोल्हापूरला गेलो. त्या मिस्त्रीने मला ओळखलं. "मालवण, आलास व्हय?" एवढंच म्हणाला. मी त्याच्याकडे अकरा वर्षं होतो. शहर माझ्या डोळ्यांसमोर वाढलं. जिथे उसाचे मळे होते तिथे भट्ट्या आणि कारखाने उभे राहिले. बेळगावचे, कराडचे, कोकणातले, कुठले कुठले लोक आले. कोणी इंजिनाचे भाग ओतायचा, कोणी ते घासायचा, आणि संध्याकाळी सगळे एकाच हॉटेलात भजी खायचे. लोक म्हणतात शहरात माणसाला कोणी विचारत नाही. मला तर तेच हवं होतं. पहिली दोन वर्षं मी फक्त त्या न विचारण्यात अंग टाकून पडलो होतो, ताप उतरल्यावर माणूस पडतो तसा.

मालवणहून थेट एसटी सुरू झाली तेव्हा मी भावाला आणि वहिनीला आणायला गेलो. आईने यायला नकार दिला. जाताना मालवणच्या बाजारात मी त्या बाईसमोर उभा राहिलो. तिच्या उजव्या हाताची तीन बोटं आत वळली होती. डाव्या हाताने ती मासे कापत होती, हळूहळू. मी काय बोलायचं ते एसटीत बसून ठरवलं होतं.

मी तोंड उघडायच्या आधी तीच म्हणाली, "माफी मागूक इलंस? माका नको ती." मग मासा बाजूला ठेवून म्हणाली, "माज्या घोवाचो हात वर जाणा नाय. रापण वडूक गावणा नाय, वल्हा मारूक जमणा नाय. थंय कोल्हापुरात तेका कायतरी काम मिळतला?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी विचारलं, "तो येतलो?"

"तेका मी धाडतंय," ती म्हणाली.

मी त्याला एका लाकडाच्या वखारीत राखणदाराचं काम बघून दिलं. भावाला हे सांगायचं धाडस मला झालं नाही. तेव्हा भाऊ आमच्या कारखान्यात बसून नटबोल्ट निवडायचा. एका संध्याकाळी आम्ही दोघं घरी निघालो आणि चौकात तो समोरून आला. दोघंही थांबले. भावाने एका कुबडीवर तोल सावरला आणि दुसरी उचलून त्याच्या खांद्यावर हाणली. सगळ्या ताकदीने. तो जागचा हलला नाही.

"आणि मार," तो म्हणाला.

भावाने पुन्हा कुबडी उचलली. मी मध्ये पडलो नाही. तेवढ्यात मागून एका ट्रकने कर्कश हॉर्न वाजवला आणि ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "ए, रस्त्यात काय लावलंय? बाजूला व्हा की!" तिघंही पटकन बाजूला झालो. ट्रक गेला, त्याच्यामागे दुसरा, मग एक एसटी, मग सायकलींचा घोळका. ते सगळं जाईपर्यंत आम्ही एका दुकानाच्या फळीवर शेजारी शेजारी उभे होतो. वर्दळ सरली तरी भावाने कुबडी पुन्हा उचलली नाही. त्याने विचारलं, "हात खंयपर्यंत जाता?" समोरच्याने हात उचलून दाखवला. छातीपर्यंत गेला.

ते मित्र झाले असं मी सांगणार नाही. तसं झालं नाही. एकमेकांच्या घरी कोणी गेलं नाही. एकदा तर वखारीजवळ दोघांचं पुन्हा वाजलं, आणि शेजारच्या चहावाल्याने दोघांवरही पाणी फेकलं. पण त्याने सुरी काढली नाही आणि भावाने गळा धरला नाही. दुसऱ्या दिवशी दोघंही आपापल्या कामावर गेले.

गणपतीला आम्ही सगळे एकाच गाडीने गावी जायचो. ते सुद्धा आता आठवतं. कोल्हापूरला भाऊ खिडकीशी बसायचा, आणि दुसरीकडे जागा नसली की तो माणूस त्याच्या शेजारी येऊन बसायचा, कुबड्या मांडीवर धरून. फोंडा घाटात दोघांत तंबाखूची डबी फिरायची. कणकवलीला गाडी थांबायची, तिथे कोणी चहा आणला तर तिघांना मिळून आणायचा. कसाल सोडलं, मालवण जवळ आलं की तो उठायचा. कुबड्या भावाच्या हातात द्यायचा आणि मागे जाऊन दुसरीकडे उभा राहायचा. मालवणच्या स्टँडवर दोन्ही वाड्यांची माणसं आलेली असायची. तो मागच्या दाराने उतरायचा, आम्ही पुढच्या, आणि वाळूतून वेगवेगळे चालत जायचो.